पट्टा नसलेली बॅटरी

थंडीच्या दिवसांत संध्याकाळी गाडीचे बॉनेट उघडले, की समोरच्या गच्चीतून हमखास विचारणा होई, "काय काका, बाळाला आत न्यायची वेळ झाली वाटतं?"

"झाली. तुमचं कारटं अजून उनाडतंय की काय?" असे खाली मान घालूनच उत्तर देऊन काका तारा सोडवू लागत.

काकांची हयात पुस्तकबांधणीत गेली होती. ते काम सुटल्यापासून हिवाळ्यात त्यांनी हा नेम धरला होता. बॅटरी छातीशी धरून आत आणायची, जुन्या रजईतून स्वतः शिवलेल्या अंगरख्यात गुंडाळून स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात ठेवायची आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा नेऊन जोडायची. गारठ्याने बॅटरीचा जोर ओसरतो, इंजिनातले तेल घट्ट होते आणि जुनी गाडी नुसती कण्हत राहते, हे त्यांना ठाऊक होते.

गाडी काकूंची. त्या परिचारिका, घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना इंजेक्शने द्यायची, जखमा बांधायच्या, हे त्यांचे काम अजून चालू होते. चढावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांनी इन्सुलिनची सुई टोचल्याखेरीज सकाळचा घास घेता येत नसे. काकूंच्या त्या धावपळीच्या दिवसात आपला म्हणावा असा काकांचा एवढाच वाटा होता. ते कुणाला बोलून दाखवण्याइतके काका भाबडे नव्हते.

एका पहाटे मात्र रजईच्या उबेतून उठलेली बॅटरीही हटून बसली. स्टार्टर दोनदा खाकरला आणि गप्प झाला. काकूंनी शेजाऱ्यांची गाडी मागून आणली. तोवर ते गृहस्थ उपाशीच ताटकळले. त्या दिवशी परतल्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, आता नवी बघा. आणि दुखऱ्या पाठीला पट्टा बांधून तुम्ही ती उचलता, ते मला दिसत नाही असं समजू नका."

काका दुकानात गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या खेपेस काकू बरोबर निघाल्या.

दुकानदार हसला. "या काकू, तुम्हीच आलात ते बरं झालं. हे बॅटरी बघतायत की स्थळ, तेच कळेना. इतक्या खोडी काढल्या तर पोरगी घरातच राहायची."

"खोडी नव्हेत," काका म्हणाले. "पहिलीची टोकं उलट्या बाजूला होती. आमच्या गाडीची तार तिथवर पोचली नसती."

"ते खरं."

"दुसरी किती महिने पडून होती, तारीख बघा. आणि तिसरीवर थंडीतल्या झटक्याचा, म्हणजे गारठ्यात इंजिन फिरवायच्या ताकदीचा, आकडा जुनीपेक्षा कमी. उन्हाळ्यात काय, कोणतीही चालते."

हे सगळे बिनतोड होते. दुकानदाराने आतून आणखी एक आणली. मापाला बरोबर, टोके हवी त्या बाजूला, नुकतीच बनलेली, आणि थंडीतल्या झटक्याचा आकडा जुनीपेक्षा बराच वरचढ. काकांनी ती चारही अंगांनी न्याहाळली. बोट ठेवायला जागा सापडेना. मग ते हळूच म्हणाले, "हिला उचलायला पट्टा नाही."

"उचलायची कशाला? एकदा बसवली की जागची हलवायची नाही, काका. कितीही गारठा पडू दे."

काकांचे कान तापले. बोलू नये ते बोलून गेल्यासारखे त्यांना झाले. काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. तीन खेपांचा अर्थ त्यांना एका वाक्यात उलगडला असावा. पण दुकानात त्या एवढेच म्हणाल्या, "हीच बसवा."

दुसऱ्या दिवशी काका सवयीने आधी उठले. कोपरा रिकामा होता. तरीही अंगात कोट चढवून, खिशात पाना टाकून ते फाटकाशी जाऊन उभे राहिले. गवतावर पांढरे हिव पडले होते. काकूंनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच दमात सुरू झाली. कुरकुर नाही, खाकरणे नाही. काकांनी निरोपाला हात वर केला. तोच इंजिन थांबले.

"काय झालं? बंद पडली?"

"मीच बंद केली." काकू दार उघडून उतरल्या. "अजून वेळ आहे. चहा टाका, बसून पिऊ."

"अगं, पण परत नाही सुरू झाली तर?"

"बॅटरी पारखून घेतलीय कुणी?"

काका त्यांच्यामागे पायऱ्यांकडे वळले.

"इतके हिवाळे मी उभ्याउभ्या घोट घेऊन पळाले," काकू पायऱ्या चढता चढता म्हणाल्या, "आणि तुम्ही बाहेर बॉनेटखाली वाकलेले. सकाळी नवऱ्याचं तोंड कसं दिसतं, हे मला दुसऱ्यांना विचारावं लागलं असतं."

"विचारलं नाहीस तेच बरं. घाबरली असतीस."

काकांनी आधण ठेवले. कप काढले, त्यांतल्या एकाची कड उडालेली होती. तो आपल्याकडे ओढायला काकांनी हात पुढे केला, तर काकूंनी आधीच उचलला होता.