बोडीच्या पाण्यावर चाललेलं इंजिन

मी असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागले तेव्हा आमच्या लाइनवर डिझेलचीच गाडी चालायची. गोंदियाहून सौंदड, अर्जुनी करत वडशाकडे जाणारी सकाळची पॅसेंजर. रुळांच्या कडेला विजेचे खांब उभे झाले होते, तारा यायच्या बाकी होत्या. लाइनवर वीज येणारच म्हटल्यावर आमच्या वाट्याला चांगलं डिझेल इंजिन कोण देणार? जी यायची ती म्हातारी. कुणाचा हॉर्न बसलेला, कुणाच्या केबिनचं दार दोरीने बांधलेलं. आमच्या आमगावकडच्या घरी मी सुट्टीवर गेले की वडील विचारायचे, गाडी कशी चालते. मी म्हणायची, मूड असला तर चालते.

माझे ड्रायव्हर छत्तीसगढचे, पण आयुष्य सारं गोंदियात गेलेलं. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. माझ्याशी हिंदीत बोलायचे, मी अर्धी हिंदी अर्धी मराठी. त्यांच्याबद्दल लॉबीत, म्हणजे आम्ही हजेरी लावतो तिथे, एक गोष्ट सगळे सांगायचे: या माणसाने उभ्या नोकरीत कधी रिलीफ इंजिन मागितलं नाही. वाटेत इंजिन बंद पडलं तर ओढून न्यायला दुसरं इंजिन बोलवावं लागतं, त्याला रिलीफ म्हणतात. ते मागणं म्हणजे थोडी नामुष्कीच. मागची गाडी अडते, पुढची अडते, मग चौकशीचे कागद निघतात. या माणसाने साबण लावून, तार बांधून, काही ना काही करून प्रत्येक गाडी स्वतः पोचवली, असं म्हणायचे. त्यांच्या पिशवीत खरंच अंगाचा साबण असायचा. डिझेलची नळी गळाली की ओला साबण त्यात दाबून भरायचे.

त्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन होतं. हलका धान कापणीला आला होता, दोन्ही बाजूंच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, पिवळ्या झाल्या होत्या. सौंदड सोडून बराच वेळ झाला होता. जंगलाचा पट्टा सुरू व्हायच्या आधी एक चढ लागतो, तिथे केबिनमधली घंटी वाजली. पाठोपाठ इंजिन बंद. गाडी आपल्या वजनाने थोडी पुढे गेली आणि थांबली. इंजिन बंद झाल्यावर किती शांतता होते हे सांगून कळत नाही. कापणी करणाऱ्या बायांचं बोलणं थेट केबिनपर्यंत ऐकू येत होतं.

"पानी," ड्रायव्हर म्हणाले आणि उतरले.

इंजिनाला थंड ठेवायला पाणी लागतं. ते एका हद्दीखाली गेलं की इंजिन आपलं आपण बंद होतं, जळू नये म्हणून. बाजूचा दरवाजा उघडला तर आतून वाफच वाफ. पाण्याच्या पाइपावरचा रबराचा जोड फाटला होता. ड्रायव्हर टॉर्च घेऊन आत शिरले. फक्त त्यांचे बूट बाहेर दिसत होते.

तेवढ्यात वॉकीटॉकी बोलायला लागला. पुढच्या स्टेशनचे मास्तर होते.

"पॅसेंजर, क्यों खडे हो? क्या हुआ?"

ड्रायव्हरला विचारायला हवं होतं. मी दोन पावलं त्यांच्याकडे गेलेही. पण मास्तरांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, इंजिन फेल है. रिलीफ भेजिए."

"कन्फर्म?"

"हां सर."

मास्तरांनी वेळ सांगितली, म्हणजे ती त्यांच्या वहीत चढली. मागच्या डब्यातून गार्डनेही ऐकलं. मी नोकरीत नवी होते, वर्षही झालं नव्हतं, आणि ज्या माणसाने कधी रिलीफ मागितला नाही त्याच्या गाडीवर मी रिलीफ मागून बसले होते. त्याला न विचारता.

ड्रायव्हर बाहेर आले तेव्हा चेहरा काळा झाला होता. मी सांगितलं. वाटलं, ओरडतील.

"मांग लिया?" एवढंच विचारलं.

"हां सर. सॉरी सर."

"ठीक है. तो पटाखे लगाके आ."

एकाच रुळावरून समोरून इंजिन येणार असतं, म्हणून नियमाप्रमाणे पुढे लांब जाऊन रुळांवर पटाखे बांधावे लागतात. वर चाक आलं की ते फुटतात आणि येणाऱ्याला कळतं, पुढे गाडी उभी आहे. मी लाल झेंडी घेऊन चालत गेले. जाताना उन्हाचं काही वाटलं नाही. डोक्यात एकच, आता लॉबीत काय बोलतील.

परत आले तर ड्रायव्हर बाही वर करून बसले होते. पिशवीतून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि तांब्याची तार काढली होती. जोडावर ट्यूब गुंडाळून, वरून तार आवळून त्यांनी अशी गाठ मारली की मी बघतच राहिले.

"सर, रिलीफ तो आ रहा है," मी म्हटलं. "मग कशाला?"

"इंजन बीमार है तो दवा नहीं देंगे क्या?" ते म्हणाले. "पानी ढूंढ."

पाणी शोधायला लांब जायची गरज नव्हती. रुळाच्या खालच्या अंगाला एक बोडी होती. आमच्या भागात शेतातल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. काठोकाठ भरलेली होती. पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, एक म्हातारी बाई उभी होती, हातात विळा, डोक्याला ओला दुपट्टा बांधलेला. ती मला वरपासून खालपर्यंत बघत होती.

"काऊन व बाई, तूच चालवतेस का गाडी?"

"चालवणारे ते आहेत, आजी. मी त्यांच्यासोबत असते."

"मंग बंद काऊन पडली?"

"पाणी संपलं तिचं. तुमच्या बोडीतलं घेऊ का?"

"घे ना व. इचारतेस कायले? आमच्या घरच्याच मानसाईनं बांधली हाये बोडी. जेवढं लागते तेवढं ने." मग मागे वळून तिने हाक मारली आणि बांधीतल्या बाया विळे धुऱ्यावर ठेवून आल्या. त्यांच्या प्यायच्या पाण्याचे दोन गुंड, म्हणजे पितळी घागरी होत्या, कुणाच्या झोपडीतून बादल्या आल्या. प्रवासी तर आधीच खाली उतरले होते. बोडीपासून इंजिनापर्यंत माणसांची रांग कशी लागली ते मला सांगता येणार नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

पण ड्रायव्हर पाणी ओतू देईनात. इंजिन तापलेलं असताना गार पाणी टाकलं तर लोखंड तडकतं. म्हणून भरलेल्या बादल्या हातात घेऊन सगळे उभे. एक जण म्हणाला, "चाय बनाओ तवर." लोक हसले. बऱ्याच वेळाने ड्रायव्हरने लोखंडाला हात लावून बघितला आणि मला वर चढायला सांगितलं. टाकीचं झाकण इंजिनाच्या छतावर असतं. मी चढले, झाकणावर फडकं टाकून ते हळूहळू सैल केलं. खालून बादली यायची, मी ओतायची.

"गाळून टाक व!" आजी खालून ओरडली. "मासोऱ्या जातीन आत!"

मी माझी ओढणी टाकीच्या तोंडावर बांधली. खरंच दोन मासोळ्या आल्या, बोटाएवढ्या. मी त्या रिकाम्या बादलीत टाकून खाली पाठवल्या. पन्नास बादल्यांनंतर मी मोजणं सोडलं. खांदे भरून आले, ओढणीला चिखलाचा वास लागला. शेवटी पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसायला लागलं तेव्हा ड्रायव्हरने हात वर केला.

इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. काळा धूर, मग आवाज. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि धावत डब्यांत जाऊन बसले.

आणि गाडी हलली नाही.

हलवताच येत नव्हती. एकदा मदत मागितली की ती येईपर्यंत जागचं हलायचं नाही, हा नियम. तसा निरोप आल्याशिवाय एक फूटही नाही. ड्रायव्हरने मास्तरांना इंजिन सुरू झाल्याचं सांगितलं. मास्तर म्हणाले, मालगाडीचं इंजिन काढून पाठवलंय, ते निघालंय, आता काही बदलत नाही.

थोड्या वेळाने डब्यांतून लोक पुन्हा उतरले. पुढे एक इस्तरीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस होता. त्याच्या पुतणीचा साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता वडशाला, सोबत घरची दहा-बारा माणसं.

"चालू झालं ना जी इंजिन? मंग गाडी काऊन नाई चालून रायली? आमी पानी भरलं का भरलं नाई?"

मला वाटलं, सांगून टाकावं, चूक माझी आहे. पण ड्रायव्हर खाली उतरून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"भाऊ, पानी आपने भरा, बिलकुल भरा," ते म्हणाले. "पर सामने से इसी पटरी पे एक इंजन आ रहा है, हमको लेने. हम भी निकल गए तो?" आणि त्यांनी दोन्ही हातांच्या मुठी एकमेकींकडे नेल्या.

माणूस मुठींकडे बघत राहिला. मग म्हणाला, "थांबा मंग, जी. थांबाच." त्याने फोन काढला आणि वडशाला सांगायला लागला, की उशीर होते, गाडी बरोबर आहे पण समोरून गाडी आहे. दुसऱ्या बाजूच्या माणसाला ते काही समजत नव्हतं, हे इकडेही कळत होतं.

गार्ड मागून चालत आले. त्यांना वहीत नोंद करायची होती. "रिलीफ किसने मांगा, लिखना पडेगा. आवाज तो मॅडम का था."

"मेरा नाम लिखो," ड्रायव्हर म्हणाले.

"सर, मी मागितला," मी म्हटलं.

"तू चुप."

गार्डनी दोघांकडे बघितलं आणि ड्रायव्हरचं नाव लिहिलं.

मग आम्ही इंजिनाच्या सावलीत बसलो. आजीने बांधीतून काकड्या पाठवल्या होत्या. मला राहवेना म्हणून मी विचारलं, "सर, तुमचं नाव कशाला? तुम्ही तर कधीच रिलीफ मागितला नाही. सगळे सांगतात."

ते काकडी खाता खाता थांबले. "कौन बोलता है?"

"लॉबीत सगळे."

"अरे, कितनी बार मांगा है. एक बार तो एक ही हफ्ते में दो बार." ते हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना आधी बघितलं नव्हतं. "लोग बोलते गए, मैंने मना नहीं किया. अच्छा लगता था सुनने में." मग म्हणाले, "एक बार नहीं मांगा. जवान था. सोचा, ठीक कर लूंगा. चार घंटे गाडी खडी रही, गर्मी के दिन. लोग पैदल निकल गए, छोटे बच्चे लेके. मैं केबिन से देखता रहा. वो मैं किसी को बताता नहीं."

मी माझी काकडी मोडून अर्धी त्यांच्या हातात दिली.

रिलीफ जवळ आल्याची खबर लागल्यावर मी झेंडी घेऊन पुढे गेले. पटाखे फुटले, ठो ठो, बगळे उडाले. आलेलं इंजिनही आमच्याइतकंच जुनं होतं, पण चालत होतं. ते आमच्या पुढे जोडलं आणि गाडी निघाली. आजी पाळीवर उभी होती. बाया पुन्हा कापणीला लागल्या होत्या.

जंगलाच्या मधोमध, जिथे फोनही लागत नाही, आमची घंटी पुन्हा वाजली. ट्यूबची पट्टी उडाली होती. बोडीचं सगळं पाणी रुळांवर सांडत गेलं आणि आमचं इंजिन दुसऱ्यांदा बंद झालं. पण पुढचं ओढत होतं, त्यामुळे डब्यातल्या कुणाला कळलंही नाही. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं.

"देखा?" ते म्हणाले. "तेरा नसीब अच्छा है."

नशीबच होतं. मी विचार करून मागितलं नव्हतं, घाबरून मागितलं होतं. हे मला आजही माहीत आहे.

पुढच्या आठवड्यात साहेबांसमोर बोलावणं आलं. मालगाडी का अडवली, विचारून मागितलं का. ड्रायव्हरने सांगितलं, मीच मागायला लावलं. मी रात्रभर काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण ऐनवेळी एवढंच निघालं, "नाही साहेब. ते इंजिनात होते. मी न विचारता बोलले."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अब किसका मानूं?"

"उसका ही लिखिए," ड्रायव्हर म्हणाले. "सच बोल रही है. पर ये भी लिखिए, कि मैं बाहर होता तो मैं भी मांगता."

मला लेखी समज मिळाली: ड्रायव्हरच्या परवानगीशिवाय वॉकीटॉकीवर असा निरोप देऊ नये. योग्यच होती. तो कागद मी फाडला नाही, घरी ट्रंकेत आहे. बाहेर आल्यावर मला वाटलं, ते नाराज असतील, त्यांचा शब्द मी खाली पाडला. ते आपले सायकल स्टँडकडे चालले होते.

"सर, रागावले का?"

"भूख लगी है," ते म्हणाले.

स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर आम्ही पोहे खाल्ले, वर चण्याचा रस्सा. त्यांनी मला विचारलं, टाकीचं झाकण उघडताना फडकं टाकायचं कुणी शिकवलं. मी म्हटलं, तुम्हीच, पहिल्या महिन्यात. त्यांना आठवत नव्हतं.

थंडीत ते निवृत्त झाले. तारा लागल्या, डिझेल गेलं. आता मी स्वतः गाडी चालवते, विजेची. त्या चढावर इंजिनाला काही वाटतही नाही. कापणीच्या दिवसांत बांधीतल्या बाया मान वर करून बघतात, मी हॉर्न देते, आणि त्यांच्यातली एखादी हात हलवते.