पोटातलं इरजण

कुरकुंभच्या कंपनीत मी सांडपाण्याची टाकी सांभाळते. गेल्या महिन्यात तिच्यातले पाणी शुद्ध करणारे जिवाणू मेले, आंबूस वास सुटला आणि मी मनानं थेट कवठे येमाईच्या आमच्या गोठ्यात पोचले.

लहानपणी एका पोळ्याला मी लाडानं कपिला गाईला पाटीभर पुरणपोळ्या चारल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिचं पोट तटतटलं, रवंथ करणं थांबलं. तिसऱ्या दिवशी तिनं मान जमिनीला टेकली. तेव्हा शेजारचे मेंढपाळ आप्पा आले. त्यांनी आपल्या रवंथ करणाऱ्या गाईच्या तोंडातून हिरवा, कोमट घास ओढून काढला, पाण्यात कालवून कपिलाला पाजला.

"आप्पा, उष्टं पाजताय?"

"पोरी, तुझ्या पोळ्यांनी हिच्या पोटातलं इरजण मेलंय. दुसरीचं लावतोय, दह्याला लावतात तसं."

दुसऱ्या सकाळी कपिलाचा जबडा हलला. मी शेणातच नाचले! चारा गाय नव्हे, तिच्या पोटातले सूक्ष्म जीव आंबवतात आणि त्यावर ती जगते, हे मी पुढं कॉलेजात शिकले.

त्या दिवशी कंपनीत साहेब बंद पडलेल्या टाकीपाशी डोकं धरून बसले होते. मी म्हटलं, "साहेब, इरजण मेलंय. शेजारच्या कंपनीच्या टाकीतला जिवंत गाळ आणून घालू."

आज टाकी जिवंत आहे. साहेबांनी विचारलं, "हे कुठल्या कोर्सला शिकलात?"

"गोठ्यात," मी म्हटलं, "आमच्या आप्पांकडं."