न धुतलेलं पातळ

सुगंधाबाईला एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बजाजनगरात ती आमच्या शेजारच्या खोलीत राहते, वाळूजच्या एका कँटीनमध्ये पोळ्या लाटते आणि घरी आली की उगाच भांडी इकडची तिकडं करत राहते. त्यात तिनं ट्रकच्या चाकाशी थरथरत बसलेली एक बारकी तांबडी कुत्री उचलून आणली. नाव ठेवलं तिळी. मग तर विचारूच नका.

तिळी कुकरच्या शिट्टीला भ्यायची, चपलेला भ्यायची, पुरुषाच्या आवाजाला तर फारच. भ्याली की भुंकत सुटायची. घरमालक काकासाहेब वैतागले. "आईतवारपर्यंत हिची सोय लावा, नाय तर पोत्यात घालून पैठण रोडला सोडून येतो," म्हणाले. आणि ते बोलले की करतात.

दोन घरांतून तिळी परत आली. एकीनं उचलून पापे घेतले, दुसऱ्यानं साखळीनं बांधलं.

"लोकायला जरा दम म्हणून नाय!" सुगंधाबाई माझ्याच अंगावर ओरडली. जणू पापे मीच घेतले होते! आणि दमाचं बोलत कोण होतं, तर ही.

शेवटी मी माझ्या द्वारकामावशीचं नाव काढलं. ती उस्मानपुऱ्यात एकटी राहते, मुलगा पुण्याला. कपभर चहा प्यायला तिला अर्धी सकाळ लागते. सुगंधाबाईला हे फार आवडलं. तिचं माहेर सोयगावकडचं, मेंढरं राखणारं. पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं तर आधी वासाची सवय करावी लागते, असं तिचं म्हणणं.

"मावशीचं अंगावरचं पातळ आण. न धुतलेलं. तिळीखाली आंथरते."

मावशी कुत्री ठेवून घ्यायला तयार झाली. पातळाचंही मी तिला तसंच सांगितलं. शनिवारी तिनं कोणाच्या तरी हाती पिशवी पाठवली. सुगंधाबाईनं पातळ नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा उतरला. कडक इस्त्री, वर साबणाचा घमघमाट.

"आता कवा सवय लावू? उद्याच आईतवार!"

तिनं पातळ पिशवीत कोंबलं, तिळीला तिच्या फडक्यासकट काखोटीला मारलं आणि आम्ही तशाच उठून रिक्षात बसलो. वाटभर ती रिक्षावाल्याला घाई करत होती. मला तिळीपेक्षा तिचीच काळजी वाटायला लागली.

मावशीनं दार उघडलं तशी तिळी उडी मारून पलंगाखाली शिरली, तिथंच मुतली आणि केकाटायला लागली.

"मावशी, धुतलं कशापायी?" सुगंधाबाई रडकुंडीला आली होती.

"अगं, दुसऱ्याच्या घरी मळकं कापड कसं पाठवू? आमच्यात तशी रीत नाही."

मग मावशी पातळाची पिशवी घेऊन आत गेली. इस्त्रीचं पातळ नेसून बाहेर आली, अंगावरचं सोडलेलं पलंगाखाली सरकवलं आणि तिकडं पाठ करून तांदूळ निवडायला बसली. तिळीला हाक नाही, काही नाही. सुगंधाबाई दारापासून पलंगापर्यंत येरझाऱ्या घालत राहिली.

"बस की गं खाली," मावशी म्हणाली. ती काही बसली नाही.

तांदूळ झाले, डाळ झाली. उन्हं कलली तेव्हा केकाटणं थांबलं होतं. तिळी सोडलेल्या पातळाचा काठ तोंडात धरून बाहेर आली आणि मावशीच्या पाठीला टेकून झोपली. मावशी हलली नाही. मला रडूच आलं.

सुगंधाबाईनं तिळीचं फडकं उचललं. तिच्याच जुन्या लुगड्याचं होतं ते.

"राहू दे की," मावशी हळूच म्हणाली. "तुझ्या वासाचा आधार होईल तिला."

"नाय मावशी. मग ती माझीच वाट बघंल."

ती मोरीत गेली. साबण लावून फडकं घासायला लागली. ते केव्हाच स्वच्छ झालं, रिक्षाही येऊन थांबली. सुगंधाबाई मात्र एका जागी बसून घासतच होती.