चिंचोक्यांचं सैन्य
खेळाचा नवा खोका उघडला की छपाईच्या शाईचा वास येतो आणि लहानपणची ती सकाळ आठवते. एकटीनं खेळायला मी सापशिडी सोडून युद्धाचा डाव निवडला होता. बाबांच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर घोडेगावचा नकाशा, कचेरीकडे जाणारे लाल बाण आणि चिंचोक्यांचं सैन्य. दुसऱ्या दिवशी त्याच कचेरीवर बाबांचा पाण्यासाठी मोर्चा होता. नोटीस द्यायला आलेला हवालदार नकाशावर वाकला. हा मोर्चाचाच बेत समजून बाबांना नेतील, अशी मला भीती वाटली. “खेळ आहे माझा,” मी म्हणाले. “कुणासंगं खेळती?” “एकटीच. दोन्हीकडून.” “मग हरतं कोन गं?” तो हसला आणि नकाशाची घडी खिशात घालून गेला. दुसऱ्या दिवशी मोर्चाहून बाबा परतेपर्यंत मी उंबऱ्यावरून हलले नाही. आजही मी युद्धाचाच डाव निवडते. पण मांडण्याआधी दाराला कडी लावते, आणि त्या जुन्या भीतीची मला लाज वाटते.