फोटोसाठी घातलेल्या वेण्या

आज मी मुरुडला परदेशी देणगीदारांना पाठवायचे मुलांचे फोटो काढत होते. एक पोरगी समोर येऊन उभी राहिली आणि खोबरेल तेलाचा वास आला.

तीस वर्षांपूर्वी मीही अशीच उभी होते, आमच्या गावच्या चर्चच्या अंगणात. एका संस्थेमार्फत परदेशातलं एक ख्रिस्ती कुटुंब माझ्या शाळेचा खर्च उचलणार होतं आणि त्यांना माझा फोटो हवा होता. फोटो म्हणजे नटायचं, एवढंच आईला ठाऊक. तिनं तेल चोपडून दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या, नाताळचा पिवळा फ्रॉक घातला.

संस्थेच्या माणसानं कॅमेरा खाली केला. "बाई, लेकरू गरीब दिसंना की. सायबाला दया कशी यावी?"

"चुकलं, भाऊ," आई म्हणाली. तिनं स्वतःच्या हातानं वेण्या सोडल्या, फ्रॉक उतरवून फाटका घातला आणि अंगणातली माती माझ्या गालांना चोळली. मला रडू फुटलं.

"आता बेस हाय," म्हणत त्यानं बटण दाबलं.

त्या फोटोवर मी शिकले. त्याच संस्थेत नोकरीलाही लागले.

समोरच्या पोरीची आई लेकीच्या वेण्यांकडे कौतुकानं बघत होती. मी कॅमेरा खाली केला.

"बाई, वेण्या सोडा."