निळे बाहेरचे

आमच्या नणंदबाई दूधवाल्यावर, भिंतीवरच्या घड्याळावर आणि माझ्यावर सारखाच संशय घेतात. वेधशाळेत त्यांना ‘शंकाबाई’ म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.

त्यांचं काम लंबगोल दीर्घिकांचं. अब्जावधी ताऱ्यांचा हा थोराड गोळा एका दमात झाला, की लहान दीर्घिका गिळून फुगला, हे भोवतीच्या तारकागुच्छांवरून ताडायचं. बाईंचं म्हणणं, लाल गुच्छ तिथेच जन्मले, निळे गिळलेल्या दीर्घिकांबरोबर आले. म्हणून त्या लालांना ‘घरचे’ म्हणत, निळ्यांना ‘बाहेरचे’. त्यांचे साहेब मात्र ‘एका दमात’वाले.

एका दुपारी बाई चपलांसकट आत.

“वहिनी, चोर आहे आमचा साहेब! फळ्यावर लिहिलंय, ‘निळे सगळे बाहेरचे’. माझा शोध स्वतःच्या नावावर खपवणार!”

“विचारलंस का त्यांना?”

“काय विचारू? बाबा रे, चोरतोस का म्हणून?”

मला असला घोळ सोसत नाही. मीच साहेबांना फोन लावला, बाईंना ऐकू जाईल असा.

“अहो, बाहेरचे म्हणजे त्या दीर्घिकेचे नव्हेतच,” साहेब म्हणाले. “पार मागच्या, लांबच्या दीर्घिकांचे ठिपके ते. बाईंनी गुच्छ समजून मोजलेत, असा मला संशय आहे.”

बाईंना वाटलं, याहून चोरी परवडली असती. इथे सगळ्या कामावरच पाणी पडत होतं.

आता उपाय एकच, ठिपक्यांचा वेग मोजायचा. दीर्घिकेचे गुच्छ साधारण तिच्याच वेगाने दूर जातात, मागचे ठिपके कितीतरी जास्त. दुर्बिणीची पाळी येईपर्यंत बाईंनी कप्प्याला कुलूप घातलं, संगणकाचा परवलीचा शब्द रोज बदलला आणि ऑफिसातला चहा बंद केला.

वेग आले. काही ठिपके खरंच मागचे निघाले. ते बाईंनी मुकाट्याने खोडले. बाकीचे सगळे निळे दीर्घिकेचेच. बाईंनी लेख लिहिला, रिवाज म्हणून साहेबांचंही नाव घातलं. साहेबांनी तो वाचला. “छापायला पाठवा,” म्हणाले, “पण त्यातून माझं नाव काढा. मी आजवर उलटंच शिकवत आलो.”

मी म्हटलं, सुटलो एकदाचे. तेवढ्यात बाईंचा फोन.

“वहिनी, तो नाव काढून घेतोय! नक्की काहीतरी चूक दिसलीय त्याला!”

लेख राहिला बाजूला. बाई पहिल्या ठिपक्यापासून पुन्हा तपासायला बसल्या आहेत.