मुदखेडला गाडी तोंड फिरवते

इंजिन चालू करूनच गेला माझा मामा.

रविवारी इंजिन पळालं. आज पहाटे मामा गेला. रडून डोळे सुजलेत, पण रविवारचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

मामा म्हणजे मुदखेडचा रिटायर्ड रेल्वे फिटर. इंजिन म्हणजे बाबांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं, वीतभर लांबीचं, पत्र्याचं, विजेवर पळणारं विलायती खेळणं.

भूकंपाच्या रात्री मी मामाकडे होते, म्हणून आज आहे. आई-बाबा लातूरकडच्या आमच्या गावात होते.

ढिगाऱ्यातून मामाने ते चेपलेलं इंजिन काढून आणलं. म्हणाला, "हे मी तुला चालू करून देतो."

आणि मग कित्येक वर्षं ट्रंकेत ठेवून दिलं. बहिणीच्या घरातली वस्तू, त्याचा हातच धजेना.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी फुप्फुसाचं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मला फोन.
"रविवारी ये. ट्रंक उघडून राहिलो."

मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. रविवार म्हणजे टेस्टचा वार. तरी दर रविवारी क्लासच्या सरांना नवीन थाप मारून मुदखेड गाठलं.

पत्रा ठोकून सरळ केला. चाकं हातात घेतली तर बिस्किटासारखा चुरा झाला. मामाने नांदेडला मित्राच्या लेथवर नवी घडवली. जळालेली मोटर मी लातूरला नेली, हॉस्टेलांच्या जळालेल्या पंख्यांत नवी तार भरून देणाऱ्या चाचांकडे. भिंगातून बघत ते म्हणाले, "मॅडम, ये क्या मच्छर का पंखा है?"

पण भरून दिली!

शेवटची जोडणी मामाची. दर दोन मिनिटांनी खोकला यायचा, तरी मला सोल्डरिंगला हात लावू दिला नाही.

या रविवारी दुपारी रूळ मांडले. बटण दाबलं.

पळालं!

उलटं.

"थांब, वायरी बदलते," मी म्हटलं. बदलल्या. उलटंच. पुन्हा बदलल्या. उलटंच.

मामा खोकत खोकत हसला.
"क्लासात हेच शिकवितीस व्हय? आत लोहचुंबक न्हाई माय, समदी तारच हाय. बाहेरून वायरी फिरवून काय बी व्हत न्हाई."

दहा वर्षं मी हेच फळ्यावर शिकवतेय: आतली दोन्ही वेटोळी एकदम उलटली की दिशा तीच राहते.

आतली दोन टोकं त्याच्याच हातून उलटसुलट जोडली गेली होती. "खोलू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. मुदखेड हाय हे."

इथल्यांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. मुदखेडला काही गाड्यांचं इंजिन सुटतं आणि मागच्या टोकाला लागतं. गाडी उलटी निघते. नवीन माणूस घाबरतो, गाडी परत चालली म्हणून उतरायला धावतो.

भूकंपानंतर मामासोबत नांदेडहून मुदखेडच्या पुढे जाणाऱ्या गाडीत बसले होते, तेव्हा मीही इथे किंचाळले होते. पडलेल्या गावाकडे नको म्हणून. मामाने मला घट्ट धरलं होतं.
"परत न्हाई चालली, बाई. फकस्त तोंड फिरवलंय."

रविवारी इंजिन संध्याकाळपर्यंत उलटंच गोल फिरत राहिलं. मामा लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होता. इतका खूश मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

आज स्मशानाच्या वाटेवर विसाव्याला तिरडी खाली ठेवली. खांदेकरी पुढचे मागे झाले, मागचे पुढे. मला हसू आलं आणि मग हुंदकाच फुटला.

घाबरू नको, मामा. परत नाही चालली.

नीट जा.